एक जून कुणाचा

दिघाशी गावात अर्धी माणसं एक जूनला जन्मली आहेत. यात देवाचा हात नाही, गुरुजींचा आहे. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पहिलीत घ्यायला पोर सहा वर्षांचं लागायचं. पोर कधी झालं असं आईबापांना विचारलं की ते सांगायचे, "भाताची आवणी चालू होती," नाहीतर "शिमगा झाला आनि मंग." गुरुजी चष्मा वर करून पोराकडे एकदा बघायचे आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे.

नवशा भोईरचा एक जून असाच आला. त्याच्या शेजारी पाटावर बसणाऱ्या केसरीनाथ तरेचाही.

खरं तर नवशाचा जन्म सगळ्या गावाला पाठ होता. त्याची आई पुतळाबाई हिची आधीची मुलं जगली नव्हती. तिने देवीला नवस बोलला आणि हा चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी, पालखी दारात असताना जन्मला. म्हणून नाव नवशा. दरवर्षी पालखी येऊन गेली की पुतळाबाई त्याला पाटावर बसवून ओवाळायची, हातावर गूळखोबरं ठेवायची. केसरीनाथ उंबऱ्याशी उभा असायचा, त्यालाही एक तुकडा मिळायचा. केसरीनाथला आईबाप नव्हते. तो मामाकडे वाढला आणि तो कधी जन्मला ते मामालाही ठाऊक नव्हतं. काल्हेरला, खाडीकाठी, बापाच्या घरी झाला एवढंच. आई बाळंतपणात गेली, बाप रेतीच्या होडीवर.

मोठेपणी नवशा भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा. शेडमध्ये शेकडो धोटे एकदम ये-जा करत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. अशा गोंगाटात नुसतं लूमवर तळहात ठेवून कुठला पट्टा ढिला आहे ते तो सांगायचा. उत्तर प्रदेशचे कारागीर त्याला उस्ताद म्हणायचे. पण त्याचा जीव शेडमध्ये नव्हता, बेंजोत होता.

बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. आपल्याकडची हळद बेंजोशिवाय होत नाही. नवशाने पेटी घेतली जुनी, पण तिच्या बटणांना लूमच्या बारीक स्प्रिंगा बसवल्या, त्यामुळे बटण बोट उचलल्याबरोबर वर यायचं. त्याच्यासारखी झरझर तान टेमघरपासून दापोड्यापर्यंत कुणाच्या पेटीतून निघत नव्हती.

केसरीनाथला गळा होता. दोघे मिळून हळदी गाजवायचे. चौऱ्याऐंशी साली भिवंडीतल्या एका कॅसेटवाल्याने त्यांची कॅसेट काढली. केसरीनाथला म्हणाला, शुभ दिवस सांग. केसरीनाथ म्हणाला, माझा वाढदिवस एक जूनला असतो.

ती कॅसेट रिक्षांत वाजली, चहाच्या टपऱ्यांवर वाजली, लग्नाच्या मांडवात तर भटजींच्या आधी वाजली. कव्हरवर केसरीनाथ काळा गॉगल लावून होडीला टेकून उभा. आतल्या बाजूला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात: बेंजो – नवशा आणि साथी.

"साथी कोन?" नवशाने कॅसेटवाल्याला विचारलं. "मी एकलाच वाजवत व्हतो."

"अरे, साथी लिहिलं की भारदस्त दिसतं," कॅसेटवाला म्हणाला.

तिथून एक जून केसरीनाथचा झाला. दुसरी कॅसेट एक जूनला. शंभरावा कार्यक्रम एक जूनला. लग्नसुद्धा त्याने एक जूनलाच केलं. गावचं मंडळ दरवर्षी त्या दिवशी शाळेपुढे स्टेज बांधायचं. वर बॅनर, त्यावर केसरीनाथचा गॉगल. गाणी सुरू व्हायच्या आधी केक कापायचा आणि केक कापताना बेंजोवर वाढदिवसाची धून वाजायची. ती नवशा वाजवायचा.

"सोताच्या वाढदिवसाला दुसऱ्याची आरती करता," त्याची बायको मैना म्हणायची. "तुमाला काय वाटत न्हाय?"

"माझा वाढदिवस चैत्रात."

"मंग दाखल्यावर काय हाय? रेशनकार्डावर काय हाय?"

नवशा पेटी पुसायला घ्यायचा. त्याला वाटायचं, आणि फार वाटायचं. चैत्रातला तो पाट, ते गूळखोबरं आता त्याच्या खिजगणतीत नव्हतं. आईने ओवाळलेलं कुठे छापून येतं? सरकारी कागदावर त्याचा आणि केसरीनाथचा दिवस एकच होता, शाळा एक, पाट एक, हळदी त्याच. मग बॅनर एकाचा का? जेवताना, लूमखाली पाठीवर झोपून नट आवळताना, हाच हिशेब त्याच्या डोक्यात चालायचा. एक जून जवळ आला की कारागीर मुद्दाम खोडी काढायचे. "उस्ताद, आपके सिंगर का बड्डे आ गया. केक लाना."

"सिंगरला सांग," नवशा म्हणायचा आणि पाना जोरात आपटायचा.

गावात दुसरंही एक खूळ तेव्हा आलं होतं. अनंता मढवी नावाचा एक माजी शिक्षक भिवंडीत छापखाना चालवायचा आणि 'खाडीकाठ' नावाचं साप्ताहिक काढायचा. त्यात 'दिवस कुणाचा' म्हणून एक सदर असायचं. मागच्यापुढच्या आठवड्यातली एक तारीख घ्यायची आणि त्या दिवशी कुठला सतारिया जन्मला, कुणाचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं, कुठल्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला, ते सगळं द्यायचं. लोक ते कापून ठेवायचे. नवशाही वाचायचा. त्या नावांतल्या एकालाही त्याने ऐकलेलं नसायचं, तरी सगळ्यांचा थोडाथोडा राग यायचा.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात अनंता मढवी स्वतः शेडच्या दारात येऊन उभा राहिला. कॅसेटला दहा वर्षं होत होती. नवशाने हात रॉकेलने धुतले, खुंटीवरचा स्वच्छ शर्ट चढवला आणि त्याला समोरच्या हॉटेलात नेलं. त्याला वाटलं, आला आपला नंबर.

"बोला नवशाशेठ," अनंता म्हणाला. "केसरीनाथ लहानपणी कसे होते? शाळेत गायचे?"

नवशाने कप खाली ठेवला. थोडं काहीबाही सांगून झाल्यावर तो म्हणाला, "माझाबी एक जूनच हाय."

अनंता हसला. वाईट हसला असं नाही, मोकळेपणाने हसला. "अहो, इकडे सगळ्यांचाच एक जून. माझाही तोच. आता सगळ्यांचं छापायचं म्हटलं तर टेलिफोन डिरेक्टरी होईल."

अंक आला. 'एक जून: दिवस कुणाचा' आणि खाली केसरीनाथचा जन्म, केसरीनाथची पहिली कॅसेट, दुसरी कॅसेट, शंभरावा कार्यक्रम. वर कुणी दोन नामवंत गवई होते, पण त्यांना मिळून तीन ओळी. नवशाचं नाव कुठेच नव्हतं. साथी म्हणूनही नव्हतं.

त्या एक जूनला नवशाने धून वाजवली आणि वाजवता वाजवता त्याला सुचलं. हा दिवस ह्याचा नाहीच. आपला चैत्रात तरी आहे, ह्याचा कुठे आहे? तो शोधून काढायचा आणि छापून आणायचा. दहा वर्षं गावाने खोट्या दिवसाला केक खाल्ला असं सगळ्यांना कळू दे. हसू दे. मग एक जून उघडा पडेल आणि उघडा पडलेला दिवस कुणीतरी घेणारच.

शुक्रवारी भिवंडीत लाइट बंद, म्हणून लूम बंद. पुढच्याच शुक्रवारी नवशा सायकल काढून काल्हेरला गेला. विचारत विचारत खाडीकडच्या आळीत पोहोचला. तिथे शांताबाई नावाची म्हातारी सुईण सुकी मासळी निवडत बसली होती. डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत.

"कोन रं?"

"दिघाशीहून आलोय, आये. तऱ्यांच्या केसरीनाथचं इचारायचं हाय."

"त्यो गानेवाला? माझ्या हातावर जल्मला त्यो. नाळ मीच कापली." म्हातारीने मासळी बाजूला सारली. "त्यानं धाडलं तुला?"

"व्हय," नवशाने ठोकून दिलं. "कवा जल्मला?"

"नारळी पुनवेला. त्याच्या आयला माहेराला न्यायची व्हती, पन वाटंवर सगला चिखल. हितंच अडली. पुरुषमानसं खाडीत नारळ सोडून परत येत व्हती, ढोल बडवत. इतका ढोल, का पोराचं रडनं मना ऐकूच आलं न्हाय. मना वाटलं मेलेलंच हाय. मंग ढोल फुडं गेला तवा ऐकलं. काय बोंबलत व्हता." ती हसली. "आनि त्याची आय..."

नवशा उठला. जे हवं होतं ते मिळालं होतं. "बरं आये, येतो."

"अरं, आयचं तर आईक."

"फुडल्या टायमाला."

भिवंडीला पोहोचेपर्यंत त्याने सायकल कुठे थांबवली नाही. अनंता मढवीने ऐकलं आणि टाळी दिली. "ही तर मोठीच बातमी आणलीत तुम्ही." नवशाला वाटलं, झालं आपलं काम.

बातमी छापून आली त्या सकाळी तो ओट्यावर बसून वाट बघत होता. पहिला कोण हसत येतो ते त्याला बघायचं होतं. आला केसरीनाथ. अनवाणी, अंगात गंजी, हातात अंक. मैना पाणी आणायला वळली तरी त्याने बसायचं नाव घेतलं नाही.

"हे तू काढलंस?"

"व्हय," नवशा म्हणाला. भांडण होणार म्हणून त्याने पाय घट्ट रोवले.

"ती म्हातारी जिती हाय?"

"हाय."

"आयचं काय बोलली ती?"

नवशाने रोवलेले पाय जवळ घेतले. केसरीनाथ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, जसा लहानपणी उंबऱ्यातून पाटाकडे बघायचा तसा.

"मी इचारलं न्हाय," नवशा शेवटी म्हणाला.

"का रं?"

"घाई व्हती."

केसरीनाथने अंकाची घडी केली. मग म्हणाला, "चल. कपडे घालून येतो. मना घर दाखव."

शांताबाईने केसरीनाथच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले आणि म्हणाली, "तिचंच नाक." मग ती बोलत बसली. केसरीनाथची आई धवला म्हणायची. लग्नाच्या विधींना बायका जी गाणी म्हणतात ती धवला, आणि अशी आवाजी बाई असली की तिला पाच गावांतून आवतण यायचं. बाळंत झाल्यावर ती थोडेच दिवस होती, तापाने फणफणलेली. तरी पोराला पोटाशी धरून चाल म्हणायची. शब्द नव्हते, नुसती चाल.

"कशी?" केसरीनाथने विचारलं.

म्हातारी म्हणू लागली. आवाज चिरका झाला होता, श्वास मधेच तुटायचा, तरी चाल सरळ होती. केसरीनाथने तोंडावर टॉवेल धरला. त्याला त्यातलं काही ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. नवशाची डावी बोटं मात्र मांडीवर आपोआप चालू लागली होती, बटणं दाबावीत तशी.

आणि तिथेही, त्या चटईवर बसून, त्याचा हिशेब सुरूच होता. गळा ह्याचा, कॅसेट ह्याची, बॅनर ह्याचा. आता गळ्यामागे आईही निघाली. आपली आई जिवंत असून आपण तिच्या गूळखोबऱ्याला कंटाळलो आणि ह्याची मेलेली आई ह्याला चाल देऊन गेली. आपण ह्याचं काढून घ्यायला निघालो आणि आपल्याच हाताने ह्याला देऊन बसलो.

बाहेर आल्यावर केसरीनाथ म्हणाला, "मना ध्यानात न्हाय राहिली. तुला बसली का हातात?"

"बसली," नवशा म्हणाला. खोटं बोलावंसं त्याला वाटलं होतं, पण बोटं अजून हलत होती.

गाव हसलं नाही. उलट गावाला एक सण जास्त मिळाला. मंडळाने नारळी पौर्णिमेला स्टेज बांधलं. अनंता मढवीने अर्धं पान दिलं. कॅसेटवाला तर नाचायचाच बाकी होता, म्हणाला, एवढी गोष्ट असल्यावर कॅसेट हातोहात खपेल. कार्यक्रमात केसरीनाथने गॉगल काढून माईक हातात घेतला.

"मना माझा दिवस म्हाईत नव्हता," तो म्हणाला. "माझा दोस्त नवशा सायकल मारत काल्हेरला गेला. कोनी सांगितलं नव्हतं त्याला. माझ्यासाठी गेला."

टाळ्या पडल्या. सरपंच तुळशीराम म्हात्रे यांनी नवशाच्या गळ्यात हार घातला. फोटो निघाला. दहा वर्षं ज्याच्यासाठी तो झुरत होता ते सगळं एका मिनिटात झालं, नाव माईकवरून झालं, आणि तो हार त्याला तापलेल्या पत्र्यासारखा लागला. त्याने चाल वाजवली. केसरीनाथने तिच्यावर गाणं म्हटलं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

मध्यंतरात तो स्टेजमागे गेला. जनरेटर धडधडत होता. केसरीनाथ तिथेच सोडा पीत उभा होता.

"केशा, मी तुझ्यासाठी न्हाय गेलो," नवशा त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाला. "तुझा दिवस काढून घ्यायला गेलो व्हतो."

"म्हाईत हाय."

"कोन बोललं?"

"बोलायला कशाला लागतं? दहा वर्सं बाजूला बसतोस. केक कापताना सगली माझ्याकडं बघतात, मी तुझ्याकडं बघतो. काय तोंड असतं तुझं."

"मंग हार कशाला?"

"जळत का व्हयना, गेलास ना?" केसरीनाथने बाटली खाली ठेवली. "काल्हेर काय लंडन हाय? मी कितींदा पुलापर्यंत गेलो आनि मागं फिरलो. म्हातारी काय सांगेल म्हनून भ्यालो. आय माझ्यापायी मेली, एवढंच आईकलं व्हतं." मग तो हसला. "एक जून पायजे ना तुला? घे."

"दान देतोस?"

"दान कसलं? माझा हायच कुठं तो? गुरुजींचा हाय."

तेवढ्यात मंडळवाल्यांनी हाक मारली. नवशा जाऊन पेटीमागे बसला. ज्याच्यावर झडप घालायची होती ते असं हातावर आणून ठेवलं की त्याचं काय करायचं, हे त्याला कळेना. त्या रात्री मैनाने हार देवाच्या फोटोला घातला.

केसरीनाथने शब्द पाळला. पंच्याण्णवच्या एक जूनला शाळेपुढे स्टेज होतं आणि बॅनरवर नवशा भोईर. फोटो शेडमधल्या कारागिराने काढलेला, केसांत कापसाचे तंतू. नुसत्या बेंजोचा कार्यक्रम, साथीला ढोलकी, गायक नाही. पुतळाबाईला पुढे खुर्ची दिली होती. ती शेजारणीला सांगत होती, "आज कसला वाढदिवस? चैत्रात झाला की."

केसरीनाथ येऊन शेवटच्या ओळीत बसला, गॉगल न लावता. लपावं म्हणून बसला असेल. पण नवशाने पहिली तान घेतली आणि त्याला दिसलं, माणसं वळून वळून मागे बघताहेत. एक पोरगी उठून त्याची सही घेऊन आली. पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "केसरीनाथ कवा गानार?"

नवशाने पट्टी घट्ट धरली. तो आता कुणाकडे बघेना, फक्त केसरीनाथच्या हाताकडे बघू लागला. केसरीनाथ मांडीवर ताल धरत होता आणि तो पुढे पळत होता. तो नेहमीच पळायचा. गाणं रंगात आलं की त्याला लय आवरत नसे, आणि इतकी वर्षं नवशा त्याला सांभाळायला मागोमाग पळायचा. ऐकणाऱ्याला कधी कळलं नाही. आताही सवयीने नवशाचा उजवा हात जलद होऊ लागला. ढोलकीवाला हिरामणही त्याच्या तोंडाकडे बघून हात हलका करू लागला, पळायच्या तयारीने.

नवशाने त्याला मानेने नको म्हटलं. लय होती तिथेच धरली. लूमवर तळहात ठेवावा तसा तो त्या लयीवर बसून राहिला. मागे केसरीनाथचा हात दोनदा चुकला, थांबला, त्याने मान वर करून स्टेजकडे बघितलं आणि मग हळूहळू त्याची बोटं नवशाच्या लयीत पडू लागली. हळूहळू माणसंही पुढे वळली. सगळी नाही. पण पुतळाबाईची मान हलू लागली होती.

पुढच्या आठवड्यात 'खाडीकाठ'चा अंक आला. 'एक जून: दिवस कुणाचा' या सदरात नवशाचं नाव होतं, त्या दोन गवयांच्या खाली, चांगल्या अक्षरात. फोटो मात्र केसरीनाथचा होता, प्रेक्षकांत बसून दाद देताना. खाली लिहिलं होतं, बेंजोवादक नवशा भोईर यांना दाद देताना लोकप्रिय गायक केसरीनाथ तरे.

मैनाने तो अंक त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि तो वाचून होईपर्यंत भाकरी वाढायची थांबली.

"जळतं का आजून?" तिने विचारलं.

नवशाने फोटो पुन्हा एकदा नीट बघितला. केसरीनाथचा हात मांडीवर होता.

"थोडं," तो म्हणाला. "भाकर दे. ड्युटीला उशीर व्हतोय."